एक किलो एकशेचाळीस ग्रॅम

हर्षदाबाई इंगवले यांनी दात घासायच्या ब्रशाचा दांडा अर्धा कापला आणि कापलेला तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. सात ग्रॅम वाचले. त्यांनी वहीत आकडा टिपून समाधानाने मान हलवली. त्याआधी टॉवेलचे दोन भाग झाले होते, कंगव्याची मूठ उडाली होती आणि साबणाच्या वडीचे चार तुकडे करून त्यातले तीन परत कपाटात गेले होते.

"मी येत नाहीये तेच बरं," दारात उभे असलेले त्यांचे यजमान जयवंतराव म्हणाले. "नाहीतर माझेही दोन तुकडे केले असतेस."

"तुमचा अर्धा भागसुद्धा नऊ किलोंत बसणार नाही," हर्षदाबाई काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

नऊ किलो हा त्यांच्या गुडघ्यांचा हुकूम होता. डहाणूपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने, पाठीवर सॅक घेऊन पासष्ट दिवस चालत जायचं त्यांनी ठरवलं होतं. नोकरीची तीस वर्षं भूकरमापक म्हणून, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून त्यांच्या हद्दी ठरवण्यात गेली. आता एकदा तरी कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेल्या वाळूवरून मनसोक्त चालावं, एवढीच त्यांची हौस. सगळं सामान काट्यावरून जाऊन आलं होतं. राहिली होती फक्त बदली. तिचं वजन एक किलो एकशेचाळीस ग्रॅम होतं, आणि तिचा दांडा कापता येत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. हर्षदाबाई जागच्या हलल्या नाहीत. फडताळावर ठेवलेल्या, जेवणाच्या डब्याएवढ्या करड्या पेटीतून त्यांचाच आवाज आला, जरा जास्त गोड. "बोला, शोभावहिनी! किती दिवसांनी! नातवाचं नाव काय ठरलं? आणि तुमची सर्दी कशी आहे?" इकडे खऱ्या हर्षदाबाई मोज्यांची घडी घालत होत्या. शोभावहिनींना सर्दी झाली होती हे त्यांना आताच कळलं.

सरकारी कागदावर त्या पेटीचं नाव होतं 'प्रतिभाषक संगणक'. पण शाळेत बदली शिक्षक येतात तसं लोक तिला सरळ बदली म्हणत. सहा महिने ती नुसतं ऐकायची. तुम्ही फोनवर काय बोलता, कुठे थांबता, कुठला निरोप तीनदा लिहून पुसता, जुन्या संगणकात काय काय साठवलं आहे, हे सगळं तिच्या पोटात जायचं. मग ती तुमच्या वतीने बोलू लागायची. माणसाचा आवाज आणि स्वभाव दूरच्या कुठल्या यंत्रात साठवायचा नाही असा कायदा झाल्यापासून सगळी अक्कल त्या एका डब्यातच कोंबलेली असे, म्हणून तो असा जड. डबा असेल तिथूनच ती बोलणार. पलीकडच्याला फरक कळत नसे, आणि "तू खरी की बदली?" असं विचारणं बाईमाणसाला वय विचारण्याइतकं असभ्य समजलं जाई. मागच्या महिन्यात सोसायटीच्या बैठकीला नऊच्या नऊ सभासदांनी बदल्या पाठवल्या होत्या. बैठक चार मिनिटांत, एकमताने आटोपली. असं त्या इमारतीत पूर्वी कधी घडलं नव्हतं.

प्रश्न होता तो तिला न्यायचं की ठेवायचं. नेलं तर पासष्ट दिवस पाठीवर एक किलो एकशेचाळीस ग्रॅम नातेवाईक. ठेवलं तर निवांतपणा.

"ठेव इथेच," जयवंतराव म्हणाले. "मला बोलायला कुणी नको का? शिवाय ती माझं वाक्य पुरं होऊ देते."

"म्हणजे मी गेलेली तुम्हाला कळणारसुद्धा नाही!"

"कळेल की. चहाच्या वेळी."

शेवटी असं ठरलं की आधी रंगीत तालीम करायची. हर्षदाबाईंनी पूर्ण भरलेली सॅक पाठीवर टाकली, खिशात नुसता साधा फोन ठेवला, बदलीला फडताळावरच सोडलं आणि चिपळूणहून गुहागरची वाट धरली. तीन दिवसांनी त्या बसने परत आल्या तेव्हा दोन्ही टाचांना फोड आले होते आणि चेहरा उजळला होता. तीन दिवसांत त्यांनी कुणालाही "बरं, ठेवू का मग?" असं म्हटलं नव्हतं. डबा घरीच राहणार, हे त्यांनी उंबरठ्यावरच जाहीर केलं आणि गरम पाण्यात पाय सोडून बसल्या.

"तीन दिवसांचा गोषवारा सांगू?" बदलीने विचारलं. "एकूण एकोणतीस फोन. शोभावहिनींकडे रविवारी बारसं आहे, तुम्ही झबलं नेणार आहात. शेगडी दुरुस्त करणारा गुरुवारी येतो आहे. नूतनचा फोन, दोन तास चाळीस मिनिटं. समेट झाला. ती तुमच्याबरोबर चालायला येते आहे. पाण्याच्या टाकीची सफाई..."

हर्षदाबाईंचा पाय बादलीतून बाहेर आला. "कोण येतंय?"

नूतन म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण एका कापा फणसावरून होतं. नूतनचं घर किनाऱ्यालगतच्या एका गावात. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद निघाला, मोजणी मागवली गेली आणि नेमका त्या भागातला भूकरमापक आजारी पडला. हर्षदाबाईंनी साहेबांना सांगून बघितलं की ती माझी बहीण आहे. साहेब म्हणाले, दुसरं माणूस नाही. त्या गेल्या, यंत्र लावलं, हद्द आखली, आणि नूतनच्या सासऱ्यांनी लावलेला फणस चार फुटांनी शेजाऱ्याच्या अंगणात गेला. "सख्खी बहीण मोजायला आली आणि झाड घालवून गेली!" असं नूतन साऱ्या गावासमोर ओरडली होती. त्यानंतर ना फोन, ना भाऊबीजेला एकत्र येणं. नूतनच्या मुलीचं लग्नसुद्धा हर्षदाबाईंनी फोटोत बघितलं होतं. त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या, आणि पित्त झालंय म्हणून त्यांनी वेळ मारून नेली होती.

"तिने फोन का केला?"

"बारशाला यायला जमणार नाही, तर काय पाठवायचं, हे विचारायला. मग विषयातून विषय निघाला."

"आणि तू काय म्हणालीस तिला?"

"माझी मोजणी चुकली असेल, असं म्हणाले."

आता मात्र हर्षदाबाईंचा पारा चढला. तीस वर्षांत त्यांच्या मोजणीविरुद्ध एकही अपील टिकलं नव्हतं. "माझी मोजणी? चुकली? हे माझ्या तोंडी घालायचा तुला अधिकार कुणी दिला?"

"तुमच्या मनात नसलेलं मी बोलत नाही," बदली शांतपणे, त्यांच्याच आवाजात म्हणाली. "त्या जागेवर हद्दीचे दोन जुने दगड होते. डावा धरला तर फणस शेजाऱ्याचा, उजवा धरला तर नूतनचा. तुम्ही डावा धरलात. अकरा वर्षांत ते फोटो तुम्ही शेहेचाळीस वेळा उघडलेत. डावा दगड एकदाही मोठा करून पाहिला नाहीत. दर वेळी उजवाच पाहता."

हर्षदाबाईंनी उठून तिची वायर उपटली.

"बॅटरी भरलेली आहे," बदली म्हणाली. "तर, टाकीची सफाई शनिवारी."

आता पेच वेगळाच झाला. डबा घरी ठेवून गेलं तर नूतन पासष्ट दिवस अशा बहिणीबरोबर चालणार, जिने तिची माफी मागितलेलीच नाही. बरोबर घेतलं तर बदली कानात हळूच सांगत राहील की आता काय बोलायचं, कुठे हसायचं, कुठल्या आठवणीला डोळे पुसायचे. नूतनला फोन करून खरं सांगून टाकावं, असंही हर्षदाबाईंच्या मनात दोनदा आलं. पण खरं सांगितलं तर बहीण पुन्हा जाणार, आणि हा विचार त्यांना सोसेना. अकरा वर्षांनी दार उघडलं होतं. ते कुणी का उघडलेलं असेना.

"एक किलो एकशेचाळीस ग्रॅममध्ये बहीण मिळतेय," जयवंतराव म्हणाले. "घेऊन जा."

मग सॅकमधून उरलेला अर्धा टॉवेल बाहेर आला. पाण्याची दुसरी बाटली आली, मेतकुटाची पुडी आली, जाड स्वेटर आला. बदली आत गेली. काटा बरोबर नऊ किलोंवर थांबला.

निघायच्या दिवशी सकाळी आठ वाजता हर्षदाबाई चिपळूणच्या एसटी स्टँडवर डहाणूच्या गाडीपाशी उभ्या होत्या. कानात बदलीशी जोडलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, शेजारी निरोप द्यायला आलेले जयवंतराव. नूतन समोरून आली. केस पांढरे झाले होते आणि चालताना ती एका अंगाला कलत होती, थेट आईसारखी. हर्षदाबाईंना सुचायचं सगळं थांबलं.

"म्हणा, किती बारीक झालीस गं," कानात बदली कुजबुजली.

"किती बारीक झालीस गं," हर्षदाबाई म्हणाल्या.

नूतनने मान जराशी तिरकी केली, थांबली आणि म्हणाली, "तू मात्र तशीच आहेस, ताई."

"त्या दिवशी बोलून फार हलकं वाटलं."

पुन्हा मान तिरकी, पुन्हा तेवढाच थांबा. "मलाही. मनावरचं ओझंच उतरलं बघ."

असं पाच-सहा वाक्यं चाललं. दोघी इतकं छान बोलत होत्या की जयवंतरावांना भीती वाटू लागली. पण हर्षदाबाईंना मोजायची सवय. नूतनचं प्रत्येक उत्तर अगदी सारख्या अंतराने येत होतं. आणि लहानपणापासून नूतनने कुणाचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं.

"नूतन," त्या एकदम म्हणाल्या, "तू खरी की बदली?"

रांगेतल्या दोन बायकांनी चमकून मागे पाहिलं.

"शोभतं का हे विचारणं? समोर उभी आहे ना मी!"

"उभी तू आहेस. बोलतंय कोण?"

नूतनचा हात कानाकडे गेला आणि तिथेच अडकला. तिने ताईच्या कानाकडे निरखून पाहिलं. "आणि तुझ्याकडून कोण बोलतंय?"

हर्षदाबाईंनी केस कानावर ओढले. मग नूतननेच विचारलं, "त्या दिवशी फोनवर तू होतीस का गं?"

"मी गुहागरच्या रस्त्यावर होते. तू?"

"मी आमसुलं वाळत घालत होते. संध्याकाळी बदलीने सांगितलं, ताई फोनवर रडली म्हणून."

"मी रडले? मला तर कळलं की तू रडलीस!"

"म्हणजे मोजणी चुकली, असं तू म्हणालीच नाहीस."

"नाही म्हटलं. आणि झाड गेलं तर गेलं, असं तू म्हणालीस?"

"जन्मात म्हणणार नाही!"

मग जे सुरू झालं ते अकरा वर्षांचं साठलेलं होतं. फणस निघाला, मुलीचं लग्न निघालं, आईच्या आजारपणात रात्री कोण जागलं ते निघालं. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि एकीचंही वाक्य पुरं होत नव्हतं. कानातल्या बदल्यांनी दोनदा "जरा पाणी प्या" असं सुचवून पाहिलं आणि हात टेकले. कंडक्टर पायरीवर येऊन म्हणाला, "मावशी, भांडण गाडीत चालेल, पण गाडी सुटतेय."

हर्षदाबाईंनी कानातला दाणा काढला, सॅक उघडली, डबा ओढून काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. नूतनने आपल्या सॅकमधून, भरतकामाच्या पिशवीत घातलेला, तसाच एक डबा काढला आणि तोही दिला. "भावजी, हाही असू दे." मग ती जिना भांडत चढावा तशी गाडीत चढली, कारण मागून ताई चढत होती आणि तिला उत्तर देणं चालू होतं.

गाडी हलली. जयवंतराव दोन्ही कुशीत एकेक डबा धरून फलाटावर उभे राहिले. खिडकीपर्यंत डब्यांचं बोलणं ऐकू आलं. "जपून राहा गं, राणी." "हो ताई, रोज बोलूया आपण." दोन्ही आवाजांत इतकी माया होती की खिडकीतल्या दोघी क्षणभर भांडायच्या थांबल्या. इतक्या प्रेमाने त्या एकमेकींशी शेवटचं कधी बोलल्या होत्या, ते दोघींनाही आठवेना, आणि हर्षदाबाईंना त्या डब्यांचा चक्क हेवा वाटला.

परशुराम घाट लागेपर्यंत दोघींचे घसे बसले. नूतनने सॅकमधून चिवडा काढून मधे ठेवला. थोड्या वेळाने बाहेर बघत, अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "ताई, तिथे दोन दगड होते ना?"

"होते."

"मग तू डावाच का धरलास?"

हर्षदाबाईंच्या कानात कुणी काही सुचवलं नाही. शब्द त्यांचे त्यांनाच शोधावे लागले आणि त्याला पुष्कळ वेळ लागला. "बहिणीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "कुठला दगड खरा होता, मला माहीत नाही, नूतन. तेव्हाही नव्हतं माहीत. मी घाबरले होते."

नूतन वळली. तिचे डोळे भरले होते आणि राग तसूभरही कमी झाला नव्हता.

"जे त्या डब्याला कळलं, आणि त्याने एका फोनात माझ्या बदलीला सांगूनही टाकलं," ती म्हणाली, "ते सांगायला तुला अकरा वर्षं का लागली गं, ताई?"