निरोपाच्या भाषणाची शेवटची ओळ

साहेबांना निरोपाचं भाषण लांब नको होतं. "जायला उठलेल्या माणसानं जावं," ते म्हणाले. "बूट घालून दारात तासभर बोलत राहणाऱ्यांचा मला कंटाळा आहे." मी मान डोलावली. दारात तासभर बोलत राहणाऱ्यांमध्ये साहेबांचा नंबर वरचा होता, पण हे त्यांच्या तोंडावर कोण सांगणार?

मी त्यांची भाषणं लिहायचे. त्याआधी कॉलेजात साहित्य शिकवायचे. एका कार्यक्रमात मी निरोपाबद्दल बोलले होते. पुस्तकातली माणसं निघताना फार सुंदर बोलतात, असं म्हटलं होतं. लढाईवर गेलेल्यांच्या आठवणी वाचा, तिथे कुणी सुंदर बोललेलं नसतं. तिथे मोजे असतात, किल्ल्या असतात, दुखरी दाढ असते. आणि पुढारी निरोपाचं भाषण करतात तेव्हा ते कुठे जातच नाहीत. साहेब पहिल्या रांगेत होते. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

दाखला मी घरचाच दिला होता, फक्त कुणाचा ते तिथे सांगितलं नव्हतं; साहेबांना ते पुढे कळलं. माझा धाकटा भाऊ लढाईवर गेला तेव्हा मला म्हणाला, "सायकल नुसती उभी ठेवू नकोस, टायर कुजतं." मग म्हणाला, "येतो." सभागृहाच्या पायऱ्यांवरून त्यांची तुकडी निघाली होती. साहेब तेव्हाही शहराचे प्रमुख, वरच्या पायरीवर उभे. एकेक पोरगा हात मिळवायचा, म्हणायचा, "येतो साहेब." साहेब प्रत्येकाला म्हणायचे, "या."

त्या तुकडीतलं कुणीही परत आलं नाही. साहेबांना मी कधी दोष दिला नाही. लढाई त्यांनी सुरू केली नव्हती. ते पायऱ्यांवर उभे होते, एवढंच.

भाषणाचा मसुदा त्यांना आवडला. शेवट मी अगदी साधा ठेवला होता. आभार मानायचे, क्षणभर थांबायचं, आणि म्हणायचं, "येतो मी."

पहिली तालीम दुपारी झाली. तेच सभागृह, पण रिकामं, उंच खिडक्यांतून ऊन खुर्च्यांवर पडलेलं. बसणारा उठला की आपोआप मिटणाऱ्या त्या खुर्च्या, लाल कापडाच्या. माइक सांभाळणाऱ्याला आम्ही कानसेन म्हणायचो. गाणं त्याला येत नसे, पण दुसऱ्या मजल्यावर टाचणी पडली तरी ऐकू येई. साहेबांनी भाषण वाचलं, शेवटची ओळ म्हटली आणि पाणी प्यायला आत गेले.

कानसेननं कानावरचे हेडफोन काढले. "मॅडम, तुम्ही काही बोललात?"

"नाही."

"कुणीतरी 'या' म्हणालं."

"रिकामा हॉल आहे. आवाज घुमला असेल."

"घुमणारा आवाज आपलंच बोलणं परत देतो," तो म्हणाला. "उत्तर देत नाही."

मी हसले. तो हसला नाही. वायर गुंडाळता गुंडाळता तो मधेच थांबला आणि खुर्च्यांकडे बघत राहिला. मीही बघितलं. तिसऱ्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या उघड्या होत्या. स्प्रिंगा जुन्या झाल्या असतील म्हणून मी खाली उतरून एकीवर हात दाबला. हात काढताच ती खाडकन मिटली. शेजारच्या तशाच उघड्या राहिल्या. मी वर मंचावर परत आले तेव्हा त्या मिटू लागल्या, कडेपासून, एकामागून एक, सावकाश.

दुसऱ्या तालमीला मी मुद्दाम मागे जाऊन बसले. साहेब त्या दिवशी चांगलं बोलत होते, वाचल्यासारखं अजिबात नाही. आभार मानून ते थांबले. मग म्हणाले, "येतो मी."

"या."

आवाज एकसुरात नव्हता. पाहुणा निघाल्यावर घरातली माणसं आपापल्या खोलीतून म्हणतात तसा, कुणी आधी, कुणी जरा नंतर. त्यातला एक आवाज कायमची सर्दी असलेल्या माणसाचा होता. धाकट्याला आई त्यावरून चिडवायची, तुझं नाक म्हणजे बारमाही वाहणारी नदी.

आनंद व्हायला हवा होता, निदान रडू तरी यायला हवं होतं. पण त्या आवाजात ओळख नव्हती, रागही नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. खूप वेळ ताटकळलेल्या माणसाला आपला नंबर जवळ आल्यावर वाटतं, तसलं काहीतरी त्यात होतं.

त्याच दुपारी मी शेवटची ओळ खोडली आणि नवा कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. आवराआवर चालली होती. भिंतीवरून तसबिरी उतरवल्या होत्या, त्यांच्या जागी फिकट चौकोन उरले होते.

"भाषण आता 'आभारी आहे' वर संपतं," मी म्हटलं.

साहेबांनी कागद न बघताच टेबलावर ठेवला. "तुम्हालाही ऐकू आलं का?"

मी कागद पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"त्या दिवशी पायऱ्यांवर काय बोलावं ते मला सुचत नव्हतं," ते म्हणाले. "घरी आलेला माणूस 'येतो' म्हणाला की आपण काय म्हणतो? तेच म्हणालो. सवयीनं." मग थोडं थांबून, "धाकटा होता का त्यात?"

"होता."

"कसा वाटला?"

"रागावलेला नव्हता."

"हं," साहेब म्हणाले. "तेच तर."

"साहेब, ती ओळ म्हणू नका. माझं एवढं ऐका."

"नाही म्हणत. तुम्ही लिहाल तेवढंच बोलेन. आजवर तेच केलंय की नाही?"

समारंभ दुपारचाच होता. सभागृह गच्च भरलं होतं. आईला मी पुढे, वाटेच्या कडेची खुर्ची धरून दिली होती. मी पडद्याच्या बाजूला, कानसेनजवळ उभी.

साहेब ठरल्याप्रमाणे बोलले. "आभारी आहे," म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. मी श्वास सोडला.

ते हलले नाहीत.

टाळ्या विरल्या. साहेबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. समोरच्या माणसांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. ते खुर्च्यांच्या मधल्या वाटेकडे बघत होते.

कानसेननं घाईघाईनं माइक बंद केला.

"येतो मी," साहेब म्हणाले.

या वेळी उत्तर खुर्च्यांतून आलं नाही. तिथे माणसं बसली होती. उत्तर मधल्या वाटेतून आलं, भिंतींच्या कडेनं आलं, जिथे जिथे उभं राहायला जागा होती तिथून आलं.

"या."

लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. फक्त आईनं मान वळवली. ती वाटेकडे बघत हळूहळू उठू लागली.

मी धावले. तिचे दोन्ही खांदे धरून तिला खाली बसवलं.

"आवाज ऐकलास?" तिनं विचारलं.

"टाळ्या होत्या, आई."

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "हो," ती म्हणाली. "टाळ्याच असतील."

साहेब मंचावरून उतरून मधल्या वाटेनं दाराकडे गेले. वाट मोकळी होती, तरी ते अंग चोरून, तिरके होत चालले होते. मधेच थांबून कुणाला तरी पुढे जाऊ दिल्यासारखं करत होते. आमच्यापाशी आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गाडी घरी पोहोचेपर्यंत साहेब गेले होते. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, वयही झालं होतं. वर्तमानपत्रांनी भाषण छापलं, 'आभारी आहे' पर्यंतच.

काही दिवसांनी साहेबांचा ड्रायव्हर माझ्याकडे आला. चहा समोर ठेवला तरी तो कपाला हात लावेना.

"साहेब मागे बसले ते अगदी दाराला चिकटून," तो म्हणाला. "मी म्हटलं, नीट ऐसपैस बसा. तर म्हणाले, होईल जागा, होईल. मला वाटलं, माझ्याशीच बोलताहेत."

"मग?"

"मग काही बोललेच नाहीत." त्यानं कपाचा कान उगाच इकडून तिकडे फिरवला. "घरापुढचा चढ ती गाडी तिसऱ्या गिअरवर हसत चढते, मॅडम. त्या दिवशी पहिला टाकावा लागला. मागची चाकं पार दबली होती."

"तुम्ही आरशात बघितलं नाहीत?"

"नाही बघितलं." त्यानं कप बाजूला सरकवला. "फाटकाशी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. तेवढ्यात गाडी मागून हलली, जराशी वर आली. पुन्हा हलली, पुन्हा वर आली. एकेक माणूस उतरत गेला की उचलली जाते ना, तशी."

त्यानं माझ्याकडे बघितलं.

"दारं मी अजून उघडली नव्हती."