सावलीला सावली राहू देणारा कॅमेरा

त्या दिवशी वडगाव रासाईला भीमेच्या काठी ऊन इतकं तापलं होतं, की नदीतले मासे पुलाच्या सावलीत दाटीवाटीनं उभे होते. मी काही मोजायला उतरलो नाही. पण पाण्याला जागा उरली नव्हती, एवढं खरं.

त्या उन्हात संघर्ष एका जोडीचे लग्नाआधीचे फोटो काढत होता. मांडवगण फराट्याला त्याचा स्टुडिओ. कॅमेरा असा भला थोरला, की रोखला की समोरचा दोन पावलं मागं सरावा. नवऱ्यानं हात पुढं केला, नवरीनं मान वळवली, संघर्षनं श्वास रोखला… आणि मधोमध एक मुलगी येऊन उभी राहिली. सगळ्यांकडं पाठ करून. हातात साबणाच्या वडीएवढा चंदेरी कॅमेरा. कुणी वाळत घातलेल्या लाल लुगड्याचा ती फोटो काढत होती.

"ओ ताई, जरा बाजूला व्हता का?"

"व्हते की. लुगडं एकदा वाऱ्यानं फुगू द्या."

"आन् तवर आम्ही काय करायचं?"

"सावलीत बसा. नवरीचा मेकप वघळाय लागलाय."

नवरी खरंच सावलीत जाऊन बसली. संघर्षला हसू आलं. ते दाबत तो जवळ गेला.

"हे खेळणं कुठनं आणलं?"

"दौंडला. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडं, जुन्या चार्जरांच्या ढिगात पडलं हुतं. तुम्ही शाळेत हुता, तवाचा हाय ह्यो."

"मेगापिक्सेल किती?"

"पाच."

"माझ्या मोबाईललाबी पन्नास हायत!"

"आसंना. बघा तर खरं."

उन्हात तो इवलासा पडदा दिसेना. तिनं ओढणीचा आडोसा केला, तशी दोघांची डोकी एका सावलीत आली. लुगड्याचा लाल रंग डोळ्यांत भरेल असा उतरला होता. आभाळ निळं आणि जाड, घोंगडीसारखं. आणि लुगड्याच्या घड्यांमधला काळोख — तो तसाच ठेवलेला.

"मोबाईल समदं उजळून टाकतो," ती हळू म्हणाली. "ह्यो सावलीला सावली राहू देतो."

तिच्या हाताला लॅबमधल्या स्पिरिटचा वास होता. रश्मी तिचं नाव. खुटबावची, दौंडच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची, आणि सुट्टीला वडगावात सोजरबाई आत्याकडं यायची.

मग सुट्ट्या वाढल्या. संघर्षचा मोठा कॅमेरा पिशवीत राहायला लागला, आणि दोघं त्या साबणाच्या वडीतून गावोगावचे रंग वेचत फिरले. मांडवगणला तिनं वाळत घातलेल्या मिरच्या टिपल्या. तो फोटो बघून सोजरबाईंना ठसका लागला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी थांबला. एवढं सगळं झालं, पण बोलायचं ते संघर्ष बोलला नाही.

आणि रश्मीला शिरूरचं स्थळ आलं.

ती स्टुडिओत आली, कॅमेरा त्याच्या हातात दिला. "बायोडाटाला फोटो पायजे. ह्याच्यातच काढा. आन् कॉम्प्युटरवर काय करू नका."

"बरं."

ती खिडकीशी बसली. "काढायच्या आधी… तुम्हाला काय म्हणायचं हाय का?"

बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला. तो जाईपर्यंत संघर्ष थांबला. मग म्हणाला, "मान जरा उजवीकडं."

फोटो उतरला. ओल्या काळ्या मातीवर सांजेचं ऊन यावं, तसा तिचा चेहरा. तो पडद्याकडं बघत राहिला; ती त्याच्याकडं.

संध्याकाळी त्याला सोजरबाईंचा फोन. "बाबा, जरा उजळ करून धाड. पोरीचं भलं होऊ दे." आमच्या भागात स्टुडिओतून प्रत्येक नवरी दोन छटा गोरी होऊन बाहेर पडते. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. 'क्लीन करणं' म्हणतात. संघर्षनं शेकडो केल्या होत्या. तिचं भलं होत असेल तर आपण कोण, असं म्हणत त्यानं हीसुद्धा केली.

शिरूरचे पाहुणे खुटबावला आले. मुलाच्या आईनं मोबाईलकडं बघितलं, चहाचा ट्रे धरलेल्या रश्मीकडं बघितलं, आणि गोड आवाजात विचारलं, "फोटोतली धाकटी बहीण का?"

"एकलीच हाय," रश्मीचे वडील बन्सी म्हणाले. चहा पिऊन माणसं गेली.

दुसऱ्या दिवशी रश्मी स्टुडिओच्या दारात. बसली नाही.

"तुम्हाला माझा रंग कळला नसता, तर मी काय म्हणले नसते. तुम्हाला कळला हुता. किती येळ बघत हुता, मी बघितलंय. कळूनबी पुसलात."

"रश्मी…"

"बाबा काल जेवले न्हाईत."

संघर्षनं शटर अर्धं खाली ओढलं. शर्टाची वरची दोन बटणं काढली. कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत तळहाताएवढं पांढरं कोड होतं.

"आठवीपासनं हाय. माझ्या एकाबी फोटोत सापडायचं न्हाई. पयलं मी मलाच पुसलं, मग लोकांना पुसायला शिकलो. वाटलं… तुम्हाला कुणी नको म्हणू नये."

"कुणी म्हंजी लोक. तुम्ही काय म्हणत हुता?"

"मी तो मूळचा फोटो ठिवून घेतलाय. रोज बघतो."

तिचे डोळे भरले, पण आवाज तसाच राहिला. "हे मला सांगून भागायचं न्हाई. बाबांना सांगा. तुम्ही केलं म्हणून."

रविवारी तो खुटबावला गेला. उघड्या गळ्यानं, भर पारावरून.

"जय भीम, मामा. फोटो मी बदलला. रश्मीची चूक न्हाई."

बन्सींनी त्याच्या गळ्याकडं बघितलं, मग तोंडाकडं. "आन् हे सांगायला येवढ्या लांबनं आला?"

"न्हाई. अजून एक हाय." त्यानं घडी केलेला कागद पुढं ठेवला. त्याचा बायोडाटा.

"ह्याच्यावर फोटो न्हाई."

"खरा एकबी न्हाई, मामा. काढायचाय."

बन्सी कितीतरी वेळ कागदच वाचत बसले. मग आत न बघता म्हणाले, "रश्मे, उजेड हाय तवर काढून घे."

अंगणातल्या लिंबाखाली ती कॅमेरा घेऊन उभी राहिली. अर्ध्या तोंडावर ऊन, अर्ध्यावर सावली. आणि त्याचा हात सवयीनं गळ्यावर गेलेला.

"हात खाली."

"रश्मी, लोक बघत्यात…"

"मीबी बघतेय. मला घाई न्हाई."

कुंपणाशी साऱ्या आळीनं गर्दी केली होती. एरवी मी एकाचे चार करून सांगतो. इथं तसूभर वाढवत नाही. सगळ्यांच्या देखत त्याचा हात हळूहळू खाली आला, आणि तो तिच्याकडं बघत राहिला.