तंतुभुकाचं बिऱ्हाड

शिरखाडीच्या विलगीकरण गृहात आता एकच रुग्ण उरला होता, आणि तो रुग्ण म्हणजे खुद्द डॉ. यमुना घोलप. एके काळी इथं जेवणाच्या पंगती उठायच्या. जहाजतोडणीचे कामगार, सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातले म्हातारे, सगळे फुफ्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतू घेऊन यायचे आणि बरे होऊन घरी जायचे. एकेक करत सगळे गेले. प्रयोगशाळेत तंतू हाताळता हाताळता छाती भरून घेतलेल्या यमुनाबाई तेवढ्या राहिल्या मागे, लांबलचक जेवणघरात एका टोकाला ताट घेऊन. भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? हल्ली त्या वरणाला नावं ठेवायच्या, तीही मोठ्यानं, कुणीतरी ऐकावं म्हणून.

त्या सकाळी डॉ. इक्बाल मुकादम पडद्यावर त्यांच्या छातीचं चित्र बघत होता. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता गृहाचा प्रमुख.

"बाई, जवळजवळ साफ आहे. आठवडाभरात शून्य तंतू."

"मग आठवड्यानं मी मुक्ताकडे!" यमुनाबाई खुर्चीतून उठल्याच. मुक्ता म्हणजे त्यांची लेक. तिची पोरगी चालायला, बोलायला लागली, पण आजीनं तिला पाहिलं ते काचेपलीकडून. नियमच तसा होता. ज्यात तंतू आहेत ते आवाराबाहेर जायचं नाही, मग ते पोतं असो, हातमोजा असो की माणूस. उपचार चालू असताना तुटलेले तंतू खोकल्यावाटे बाहेर पडत, आणि मांडीवरच्या लेकराच्या छातीत शिरायला त्यांना कितीसा वेळ! नियमाचा मसुदा यमुनाबाईंनीच लिहिला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे?

इक्बाल मात्र खुशीत दिसेना.

"काय रे, चेहरा का पाडलास?"

"डोंगरात एक चोरटी खाण सापडलीय, बाई. ॲस्बेस्टॉसची. कुठल्या दप्तरी नोंद नाही. चारेकशे माणसं आहेत, बायकापोरांसकट. सगळ्यांच्या छातीत तंतूच तंतू. पहिली बस दुपारी इथं येतेय."

"येऊ देत की! दे त्यांना तंतुभुक. त्यात एवढं काय?"

तंतुभुक हा बाईंनीच घडवलेला जिवाणू. ॲस्बेस्टॉसचा तंतू कुजत नाही, झिजत नाही, वर्षानुवर्षं फुफ्फुसात रुतून बसतो. तंतुभुक त्यातलं लोह आणि मॅग्नेशियम ओढून घेतो आणि मागं मऊ चुरा ठेवतो. दुसरं काही तो खातच नाही. उपाशी राहिला की मरतो. हे बाईंनी मुद्दाम तसं केलं होतं, नाहीतर पठ्ठ्यानं रक्तातल्या लोहावरही ताव मारला असता.

"कुठून देऊ?" इक्बाल म्हणाला. "भांडार रिकामं आहे. देशात एकही तंतू शिल्लक ठेवायचा नाही, प्रयोगशाळेतला नमुनासुद्धा नाही, असा हुकूम होता ना? आम्ही चोख पाळला. शेवटचा पत्रा संपवला, नमुन्याची शेवटची बाटली भट्टीत घातली, वर पेढे वाटले. तंतुभुकाचं खाणंच आपण संपवलं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"गोठवून ठेवलेला?"

"गोठवला तर मरतो. तुम्हीच तर—"

"हो रे बाबा, मीच!" बाई मटकन खाली बसल्या. "करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. नवा घडवायला?"

"दोन वर्षं तरी. तोवर त्यातले निम्मे जातील."

यमुनाबाईंची नजर पडद्यावर गेली. पांढऱ्या ठिपक्यांचा एवढासा पुंजका, तंतुभुकाचं जगातलं शेवटचं बिऱ्हाड.

"माझं फुफ्फुस धू. त्या पाण्यातला तंतुभुक त्यांना दे. त्यांच्यात तो वाढेल, मग एकाकडून दुसऱ्याला."

"फार थोडा उरलाय, बाई. नव्या शरीरात काय, बाटलीत धूळ घालूनही एवढा टिकायचा नाही."

"विरजण थेंबभर पडलं तर दही लागत नाही, दूधच नासतं," बाई पुटपुटल्या. "म्हणजे आधी तो माझ्यात वाढायला हवा. त्याला खायला हवं."

"हे मी तुम्हाला विचारणार नाही!" इक्बाल ओरडलाच. "या वयात पुन्हा छाती भरून घेतलीत तर शून्यावर यायला चारपाच वर्षं लागतील. तेवढी..."

"तेवढी मला आहेत की नाहीत, कोण जाणे. असंच ना?"

खोलीत जाऊन त्यांनी मुक्ताला फोन लावला. पलीकडून नात विचारत होती, आजी कधी येणार? "लांबतंय गं जरा," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून ढसाढसा रडल्या. चारशे माणसांचा त्यांना मनापासून राग आला. मग रागाचीच लाज वाटली. तोंड धुऊन त्या फाटकाकडे निघाल्या.

बस आली होती. फाटकावर नेहमीची पद्धत होती. माणूस उतरला की आधी अंगावर पाण्याचा फवारा, म्हणजे धूळ उडत नाही. मग कपडे दुहेरी पिशवीत, वर धोक्याची चिठ्ठी. पहिलीच उतरली ती एक तरणी बाई, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. संरक्षक पोशाखातला माणूस नळी घेऊन पुढं झाला.

"थांब! पाणी मारू नकोस," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी मुखपट्टी काढून खिशात घातली. मागून इक्बाल हाका मारत होता.

ती बाई घाबरून मागं सरली. "आजी, लांब ऱ्हावा. लई वंगाळ धूळ हाय ही. माझा नवरा ह्यानंच गेला."

"ठाऊक आहे मला. पदर झटक."

"आँ?"

"झटक गं, जोरात झटक."

तिला काही उमजेना. तिनं पदर तसाच मुठीत आवळून धरला. मग यमुनाबाईंनीच पुढं होऊन तिला मिठीत घेतलं, तिच्या खांद्यावर तोंड टेकलं आणि छाती भरून श्वास घेतला. कितीतरी वर्षांनी त्यांच्या हातांना मोज्याशिवाय माणूस लागत होतं. धुळीनं खोकला आला, तरी त्यांनी मिठी सोडली नाही.