कॅरिअरवरचं वजन

जुन्या सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे रॉकेलमध्ये टाकले की आधी तळाशी काळं उतरतं, मग ते चकाकायला लागतात.

माझी बायको चारुशीला चहात आलं किसून घालत नाही, ठेचून घालते.

उंब्रजला एका गोठ्यात, वैरणीच्या वर, सायकलचा कॅरिअर तुळईला बांधलेला होता. उलटा. त्यावर कुणाला काही ठेवता येणार नाही असा.

संध्याकाळी कृष्णेचं पाणी पोलादी दिसतं.

मागे बसलेलं माणूस उतरलं की हँडल हातात क्षणभर सैल होतं. सायकल चालवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो, तंत्रनिकेतनात शिकवतो आणि जुन्या सायकली गोळा करून दुरुस्त करतो. माझा नियम एकच: मूळचा भाग मिळत असेल तर दुसरा बसवायचा नाही.

उंब्रजच्या भाऊसोंकडून विकत घेतलेली सायकल त्यांच्या वडिलांपासूनची. रॉडचे ब्रेक, चामड्याची सीट, सगळं जागच्या जागी. फक्त मागच्या चिमट्यावर कॅरिअरच्या पट्ट्यांचे व्रण होते. मी गोठ्याकडे बोट दाखवलं.

"त्यो न्हाई मिळायचा," भाऊसो म्हणाले.

"पण त्याच्याशिवाय सायकल अर्धवट वाटते."

"वाटू द्या की. एकट्यानं चालवा. दोन चाकं, एक माणूस. लय झालं."

ते चहाचं बघायला आत गेले. तेवढ्यात त्यांचा पुतण्या धैर्यशील याने कॅरिअर सोडवला, गोणपाटात गुंडाळला आणि माझ्या टेम्पोत सरकवला. "न्या गुमान," तो हसत म्हणाला. "काका कायबी बोलत्यात."

कॅरिअर बसवला आणि सायकल जड झाली.

स्टँडवर लावून पॅडल मारलं की मागचं चाक कितीतरी वेळ आवाज न करता फिरायचं. रस्त्यावर आलं की मांड्या भरून यायच्या. छर्रे पुन्हा धुतले. नवं ग्रीस भरलं. एक्सल सरळ होता, ब्रेकचं रबर कुठे घासत नव्हतं. एकदा शंभर फुटी रस्त्यावर उतरलो, सायकल हाताने धरली आणि वाकून पाहिलं. मागचा टायर रस्त्याला टेकला होता तिथे फुगून पसरला होता. हवा भरपूर होती. कॅरिअरवर काही नव्हतं.

"सायकल नाही जड झालेली," चारुशीला म्हणाली. "सायकलवाला झालाय. महिनाभर तिचे लाड चाललेत, घरच्या बाईला एक चक्कर नाही. चला, बसवा मला."

रविवारी संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलाकडे निघालो. ती बसताना हँडल डगमगेल म्हणून मी ते घट्ट धरलं होतं. ते डगमगलं नाही.

"बसलीस?"

"कधीची! मारा की पॅडल."

गावातल्या गर्दीतून जाताना ती मागून सूचना देत होती. रिक्षा आली, खड्डा आहे, अहो हळू. पुलाच्या अलीकडे गप्प झाली. मला वाटलं, नदी बघतेय.

पुलाच्या मध्यावर हँडल हातात सैल झालं. मागचं चाक किंचित उसळलं.

मी वळून पाहिलं. चारुशीला बसलेली होती. दोन्ही हात मांडीवर.

"उतरली होतीस?"

"न्हाई."

घरापर्यंत सायकल अगदी अलगद आली. ती अशी चालावी म्हणून तर मी खपत होतो. मला बरंही वाटलं.

फाटकापाशी ती उतरली.

हँडल हललं नाही.

दाराची किल्ली तिच्याच पर्समध्ये होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"आत येऊ?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

सकाळी भाऊसोंना फोन केला. कॅरिअरचं ऐकून ते रागावले नाहीत.

"हलकी कुठं झाली?"

"पुलावर."

"मालकीणबाई घरात हायत?"

"आहे. चहा करतेय. आलं किसतेय."

"बोलत्यात?"

"विचारलं तर."

पलीकडे म्हैस रेकली.

"मग पुलावर शोधत बसू नगा," ते म्हणाले. "म्या लय शोधलं."

मी रोज जातो. पुलाच्या मध्यावर सायकल थांबवतो, हँडल दोन्ही हातांनी धरतो आणि मागे कुणी बसेल म्हणून वाट पाहतो.

कुणी बसत नाही.

घरी ती झोपते तेव्हा तिच्या बाजूची गादी दबत नाही.

टेम्पोला दोर आवळताना धैर्यशीलने सहज सांगितलं होतं. भाऊसोंची बायको वाईला, माहेरी असते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, एकदा याच सायकलवरून फिरवून आणल्यावर, तेच तिला एसटीने सोडून आले, आणि परत आणायला गेले नाहीत.