पुढं ती काय म्हणाली?

पुस्तकांवर पेन्सिलीनं लिहिणारा माणूस मला सापडला तो बहात्तर सालच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी, भर दुपारी.

परतूरच्या वाचनालयात तेव्हा कामाला मी एकटीच होते. बाहेर ऊन रणरणत होतं. त्या साली पावसानं तोंडच दाखवलं नव्हतं. रोज चारच्या सुमाराला आभाळ काळवंडायचं, सगळं गाव मान वर करून बघायचं, आणि ढग सरळ परभणीकडे निघून जायचे.

तो दाराजवळच्या बाकावर बसला होता. बसला होता म्हणजे... दहा मिनिटांत तीनदा उठला होता. एकदा खिडकीशी, दोनदा दाराशी. पाठ कधी दाराकडे करायचा नाही. मी कपाटामागून बघत होते, आणि त्यानं खिशातून पेन्सिल काढली.

"काय लिहिताय?"

तो दचकला, पण पुस्तक लपवलं नाही. "दुरुस्ती करून राह्यलो."

"छापलेल्या पुस्तकात?"

"खोटं छापलं तर कुणीतरी करायला पाह्यजे ना."

मी पुस्तक ओढून घेतलं. युद्धकथांचा जाडजूड संग्रह होता. एका पानावर मरता मरता एक सैनिक देशाविषयी दीड पान बोलत होता. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं – 'इतकं बोलत नसतात. पाणी मागतात.'

मला रागवायचं होतं. पण शब्द आले ते वेगळेच. "तुम्ही... होता का तिथं?"

त्यानं डावा हात टेबलावर ठेवला. दोन बोटं नव्हती. "मागच्या डिसेंबरात. आता घरीच हाये. लष्करात तीन बोटांचं काम न्हाई."

नाव तातेराव. इथूनच चार कोसांवर गाव. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सायकलवर यायचा, आणि घ्यायचा तर फक्त युद्धाचीच पुस्तकं. मी मुद्दाम एकदा हसरी, गोड गोष्ट पुढे केली.

"ही न्या. यात कुणी मरत नाही."

"मंग लोक करतात काय दोनशे पानं?"

"प्रेम करतात."

"दोनशे पानं?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसला. "जल्दी करता येत न्हाई का त्यान्ला?"

मी उगाचच रजिस्टरमध्ये डोकं घातलं. कान तापले होते.

असा महिना गेला. मला मंगळवार कळायला लागला तो कॅलेंडरवरून नाही, सायकलीच्या घंटीवरून. एखाद्या शुक्रवारी तो यायचा नाही, आणि मी त्याच्यासारखीच दाराशी, खिडकीशी फिरत राहायची. मग रिकाम्या वेळी त्याच्या 'दुरुस्त्या' वाचायची. भांडायचीसुद्धा. एकदा मी त्याला म्हटलं, "पुस्तकातला माणूस घरी परत येतो म्हणून तर वाचणाऱ्याला दिवस काढता येतात. आशा खोटी कशी म्हणता?"

"आशा खोटी न्हाई म्हणत. पण ती फार महाग पडते कुणाकुणाला." एवढं बोलून तो उठून गेला. पुस्तकही न घेता.

त्याच दिवशी मला ते पान सापडलं. कथेत एक शिपाई मेलेल्या सोबत्याच्या आईकडे जातो. दार वाजवतो, आई दार उघडते, आणि तिथं कथा संपते. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं – 'पुढं ती काय म्हणाली?'

मी बाकीची पुस्तकं काढली. जिथं जिथं कुणाच्या घरी बातमी पोचत होती, तिथं तिथं पान दुमडलेलं होतं.

पुढच्या मंगळवारी मी सरळच विचारलं. "कुणाच्या आईला सांगायचंय?"

तो बोलला, खिडकीबाहेर बघत. भुजंग नावाचा सोबती होता, राजूरजवळचा. दोघं एकाच वर्षी भरती झालेले. पहाटेच्या धुक्यात नदी ओलांडत होते. भुजंगला पोहता येत नव्हतं, म्हणून तातेरावनं डाव्या हातानं त्याचा हात धरला होता. गोळी त्याच हाताला लागली. भुजंग सुटला, दोनदा वर आला, मग आला नाही. प्रेत सापडलं नाही. घरी कागद गेला – बेपत्ता.

"हाताला गोळी लागली, तर तुमचा काय दोष?"

"दुसरा हात होता ना." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "त्यात बंदूक होती. ती सोडली न्हाई मी. शिकवलंच तसं होतं. साहेबान्ला म्हणलो, भुजंग कुठं गेला ते धुक्यात दिसलं न्हाई. पण दिसलं होतं. दोनदा गेल्तो राजूरला. दोन्ही येळेस फाट्यावरून परत आलो. पुस्तकात बघून राह्यलो की कुणी कसं सांगतं... पण हे लोक दार उघडलं की गोष्ट संपवतात."

"मी येते," मी म्हणाले. का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

घरी आबांना सगळं खरं सांगितलं. माझे वडील, अप्पाराव गुरुजी. त्यांनी एकच विचारलं, "मुलगा खोटं बोलतो का?"

"नाही आबा. खोटं सहन होत नाही म्हणून तर आपली पुस्तकं खराब करतो."

"जा मग. संध्याकाळच्या गाडीनं परत ये."

रविवारी आम्ही जालन्यापर्यंत रेल्वेनं आणि पुढे एसटीनं गेलो. सगळ्या वाटेत तो उभाच होता. फाट्यावर उतरलो, आणि त्याचे पाय खरोखरच थांबले. मी त्याच्या पुढे चालू लागले. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज आला.

भुजंगची आई गोजरबाई घरी नव्हती. दुष्काळी कामावर होती, खडी फोडायला. माळावर शेकडो माणसं, हातोड्यांचा आवाज, पांढरी धूळ. तिनं तातेरावला लांबूनच ओळखलं, मुलाबरोबरच्या फोटोवरून.

"आलास बाबा. मला वाटलंच, कुणीतरी येईल." ती लगबगीनं उठली. पदराला गाठ मारलेली होती, कामावर वाटतात त्या सुकडीची. "रोज ह्यातली थोडी डब्यात ठिवते. त्यो आला की खाईल. रेशनच्या मिलो जवारीची भाकर त्याला न्हाई आवडायची."

तातेरावनं माझ्याकडे पाहिलं. मग तो तिच्यासमोर धुळीतच बसला आणि त्यानं सांगितलं. धुकं, नदी, गोळी. सगळं. बंदुकीचंही. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

आजूबाजूचे हातोडे चालूच होते. गोजरबाई खडीकडे बघत राहिली. रडली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडं पाणीच न्हाई रे बाबा. कुठं शिकणार व्हता त्यो पोहायला."

तातेराव ओक्साबोक्शी रडला. एवढा उंच माणूस... गुडघ्यात डोकं घालून.

तिनं पदराची गाठ सोडली. सुकडी त्याच्या हातावर ठेवली. "खा. हात धरला व्हतास ना? मंग एकटा न्हाई गेला त्यो. खा आता."

तो खाईपर्यंत ती हलली नाही. मग मला म्हणाली, "राजूरच्या गणपतीला दर चतुर्थीला अनवाणी जात व्हते, बाई. आता मागू काय?"

माझ्या घरात देव नाहीत, नवस नाहीत. तिनं हातोडा उचलला. "जाईन म्हणा. सवय झालीय चालायची."

फाट्याकडे परत येताना वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जात होती. मला वाटत होतं, त्यानं काहीतरी बोलावं. त्याच वेळी भीतीही वाटत होती की बोलेल.

"मी आता लायब्ररीत येणार न्हाई," तो म्हणाला.

"का?"

"ज्या कामाला येत होतो, ते झालं."

"आणि... बाकी काहीच काम नाही?"

"हाये." तो थांबला. "पण त्या कामाला लायब्ररीत येणं बराबर न्हाई. गुरुजींकडं यावं लागंल. घरी." पहिल्यांदाच तो नजर न हलवता माझ्याकडे बघत होता. "सत्यशीला... माझं मन कुठंच थाऱ्यावर न्हाई, झोपेत दचकतो, हात असा. तुम्ही न्हाई म्हणलात तरी बिलकुल राग न्हाई."

"आबा रविवारी घरी असतात," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू येईना. "दिवसभर."

"आणि तुम्ही?"

"मी... असते की. चहा कोण करणार?"

समोरून एसटी आली. त्या दिवशी तो माझ्या शेजारी बसला, जालन्यापर्यंत.

पुढच्या शनिवारी सकाळीच दाराबाहेर सायकलची घंटी वाजली. मी ओल्या केसांनीच दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर घाम, चार कोस दामटत आलेला.

"आज शनिवार आहे," मी म्हणाले.

"माहीत हाये. रविवारपर्यंत थांबून बघितलं..." त्यानं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि आबांना हात जोडून जयभीम घातला. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "न्हाई जमलं."