रिकाम्या हातांनी

नंदुरबारच्या मिरचीबाजाराजवळ तो रिक्षात चढला, लाल धूळ आत आली आणि आम्ही दोघं एकदमच शिंकलो.

“पोरी, जराक सरकी बस ना,” रिक्षावाले काका म्हणाले. “पोऱ्याले बी कॉलेजलेच जानं शे.”

मी सरकले. त्याला रुमाल दिला, पाण्याची बाटली दिली, हवेशीर कडेची जागाही द्यायला निघाले. तो डोळे पुसत हसला – आणि मला उगीचच आणखी एक शिंक आली.

“सगळं देऊनच टाकतेस का?”

त्याचं नाव जोएल. नवापूरकडच्या डोंगरातला, माझ्यासारखाच बारावीचा. मी पुरुषोत्तमनगरची हर्षाली. माझ्या घरी गुजरी बोली, त्याच्या घरी डोंगरातल्या आदिवासींची कोकणी. म्हणून आम्ही बोलत होतो ती शाळेतली, इस्त्री केलेली मराठी. युगांडाच्या शेतकरी बायका आज जिल्ह्याच्या भेटीला येणार होत्या. तो ऐकायला निघाला होता आणि मी स्वागताचं भाषण करायला. विकसनशील देशांना भारत काय काय देतो – लसी, यंत्रं, प्रशिक्षण – सगळं मी त्याला रस्ताभर ऐकवलं. तो ऐकत राहिला. इतकं नीट माझं कोणी ऐकलंच नव्हतं.

पाहुण्यांना उशीर होता. आम्ही सभागृहात मागच्या बाकावर डबे उघडले. माझी शेवभाजी मी अर्धी त्याच्या झाकणात ओतली. त्याने नागलीची, म्हणजे नाचणीची, काळपट भाकरी पुढे केली.

“राहू दे,” मी म्हणाले, “तुलाच पुरायची नाही.”

त्याने डबा बंद केला. हळूच. हसू मात्र गेलं... आणि माझं काय चुकलं, तेच मला कळेना.

पाहुण्या आल्या, माझं भाषण छान झालं, टाळ्याही पडल्या. मग पाहुण्यांतल्या अकेलोबाई उठल्या, जाडजूड, पिवळ्या डोईरुमालातल्या. त्यांचं इंग्रजी कॉलेजचे गिरधर सर मराठीत सांगत गेले. बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे पुष्कळ देश आले. कुणी दिलं, कुणी शिकवलं, फोटो काढून गेले. “तुम्ही आमच्याकडून काय घेणार, मुली?”

माझ्या कागदावर ते नव्हतंच. मी मागच्या बाकाकडे पाहिलं. जोएल माझ्याकडे बघत नव्हता, त्या बंद डब्याकडे बघत होता.

तेव्हा कळलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “आम्ही विचारलंच नाही. तुमच्या घरी काय शिजतं... ते सांगाल?”

बाई खुलल्या. मोहरीएवढं तांबूस धान्य, दळायचं, गरम पाण्यात घोटायचं, सगळ्यांनी एकाच ताटात हात घालायचा. सर हसायला लागले. ही तर आपली नागली, म्हणाले, आणि ती हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतूनच इकडे आलेली आहे.

म्हणजे देणंघेणं केव्हाच सुरू झालं होतं. आणि मी मोठी दात्री बनून उभी!

मी मंचावरून उतरले. सगळे बघत होते, बघू देत. त्याच्यासमोर हात पुढे केला.

“देशील?”

“मला पुरेल का पण?” त्याने डोळे बारीक केले.

“नाही पुरणार. तरी दे.”

त्याने भाकरीचे तीन तुकडे केले. एक अकेलोबाईंना. त्यांनी आधी वास घेतला, मग डोळे मिटून चावत राहिल्या. एक मला – देताना त्याची बोटं जरा रेंगाळली... की माझीच?

संध्याकाळी स्टँडवर त्याची विसरवाडीची गाडी लागली. मी सवयीने पर्समधून चॉकलेट काढलं आणि थांबले.

“जोएल... पुढच्या वेळी तुला काय आवडेल?”

तो पायरीवर थबकला. कानापर्यंत लाल झाला, मिरचीबाजार नसतानाही.

“आमच्याकडे ये. रिकाम्या हातांनी ये,” तो म्हणाला. “चढ आहे. एक हात मला धरायला लागेल.”