बुवांचे तीन सेकंद

या, जवळ सरकून बसा. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या मेव्हण्यावर गुदरलेली आहे.

मेव्हणा नाटकांना पार्श्वसंगीत द्यायचा. म्हणजे काय, तर प्रेक्षकांच्या मागच्या खोलीत बसून लॅपटॉपचं बटण दाबायचा. व्हायोलिन वाजवलेलं होतं त्या नाटकमंडळीतल्या जुन्या वादकाने, सगळे त्यांना बुवा म्हणत. ते वारले, रेकॉर्डिंग राहिलं. तिसऱ्या अंकात म्हातारा बाप मुलाच्या मृत्यूचं पत्र उघडतो, तिथे ते वाजायचं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला बुवांनी तीन सेकंद नुसती शांतता ठेवलेली. दिग्दर्शक म्हणाला, "पत्र उघडलं की लगेच सूर हवा." मेव्हण्याने ती शांतता कापून टाकली.

तरी दर प्रयोगाला व्हायोलिन तीन सेकंद उशिराच! बाप पत्र धरून ताटकळतोय, दिग्दर्शक तोंडाचा पट्टा सोडतोय. मेव्हण्याने फाईल तपासली, वायरी बदलल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बिचारा रडकुंडीला आला.

"उद्या उशीर झाला तर घरी बस," दिग्दर्शकाने निर्वाणीचं सांगितलं.

म्हणून गेल्या डिसेंबरात, दुसऱ्या मंगळवारी, रात्री पावणेबाराला तो रखवालदाराकडून किल्ली घेऊन एकटाच थिएटरात शिरला. बटण दाबलं. सूर लगेच. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा लगेच! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिरमिरीत त्याने बापाचं वाक्य मोठ्यांदा म्हटलं, "आणा ते पत्र इकडे!"

आणि बटण दाबलं.

काही नाही...

एक. दोन.

त्याच्या मानेमागे कुणीतरी श्वास आत घेतला. गज तारेवर टेकवण्याआधी वादक घेतो, तसा.

मग व्हायोलिन.

त्याने वायर उपटली. लॅपटॉप मिटला.

व्हायोलिन चालूच.

"बुवा, पोटावर पाय देऊ नका हो! मीच कापले ते तीन सेकंद. चुकलं माझं..."

सूर थांबला.

दुसऱ्या दिवशी उशीर झालाच. नोकरी गेली. नवा माणूस आला, त्यालाही उशीरच होतो म्हणे. मेव्हणा हे ऐकतो आणि चरफडतो.

त्याचा लॅपटॉप आता घरी पडून असतो. झाकण उघडलं की त्या एकाच बटणावर पांढरी पूड असते. गजाला घासतात ती राळ. तो रोज पुसतो.

काल माझ्यादेखत पुसली, झाकण लावलं. निघताना मी सहज उघडून पाहिलं...

होती.